झालरवालीचं दाराचं गाणं

माझ्या बायकोला एक गाणं यायचं. त्यात एक बाई सारखी 'दार लाव, दार लाव' म्हणते.

मी सोफे, खुर्च्या, बाक यांना नवं कापड चढवायचं काम करतो. पुढे माझा कारखाना, मागे घर आणि मध्ये एक दार. कारखाना म्हणजे एक लांब खोली, पण बायको कारखानाच म्हणायची. जुना सोफा फाडला की धूळ, काथ्या, कापसाचे पुंजके उडतात. दार उघडं राहिलं की ते सगळं स्वयंपाकघरात जातं. त्यामुळे हे गाणं आमच्या घरी सोयीचंच होतं. ती आत काहीतरी चिरत, परतत गुणगुणायला लागायची. सुरुवातीला नुसतंच हूं हूं, शब्द नाहीत. मग 'दार लाव' आलं की मी उठायचो, दार लावायचो आणि परत कामाला लागायचो.

एरवी ती मला अहो-जाहो करायची. "अहो, जेवायला चला. अहो, हातातलं ठेवा आधी." म्हणून लग्न नवीन असताना मी तिला एकदा विचारलं, "काय गं, मला सरळ अरे-तुरे? दार लाव?"

"मी कुठे? गाणं म्हणतंय," ती म्हणाली.

"कुणाचं गाणं?"

"झालरवालीचं."

झालरवाली ही एक परदेशी गाणारी. इंग्रजीत गाते. तिकडच्या खेड्यापाड्यांतली गिटार आणि व्हायोलिनवरची जी गाणी असतात, ती तिने शहरातल्या लोकांनाही आवडतील अशी करून म्हटली आणि त्यावर ती जगभर गाजली, असं बायको सांगायची. बायको आणि तिची धाकटी बहीण शाळेत असल्यापासून तिच्या वेड्या. तिचं नाव लांबलचक आहे आणि ते दोघी दोन तऱ्हेने म्हणायच्या. त्यावरून भांडायच्या, म्हणून मग झालरवाली. कॅसेटवरच्या फोटोत तिच्या पांढऱ्या जाकिटाच्या बाह्यांना कोपरापासून मनगटापर्यंत झालर लावलेली होती. बायकोने तो फोटो मला कौतुकाने दाखवला तेव्हा मी म्हणालो, "मशीनची शिवण आहे. दोन धुण्यांत निघेल." त्यानंतर तिने मला झालरवालीबद्दल फारसं काही दाखवलं नाही.

बायको गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं. आजार लांबला नाही, एवढंच बरं म्हणायचं. मी घरात राहतो, काम करतो, जेवतो. लोक विचारतात कसं चाललंय, मी म्हणतो चाललंय. ते खोटं नाही.

काम करताना मीही ते हूं हूं करायला लागलो होतो. आमच्या धंद्यात कापड ताणून लाकडाला ठोकायला बारीक खिळे लागतात, त्यांना चुका म्हणतात. दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले असतात, म्हणून चुका तोंडात धरायच्या आणि एकेक काढून ठोकायची. बायको म्हणायची, "बाकीचे नवरे चुका पोटात घालतात. माझा नुसत्या तोंडात धरून बसतो." तोंडात चुका असल्या की बोलता येत नाही, पण हूं हूं करता येतं.

तर एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या दवाखान्यातला पेशंटनी बसायचा बाक माझ्याकडे रेक्झिन बदलायला आला होता. मी बाकाची जुनी कातडी सोलून खालचे पट्टे ठोकत होतो, तोंडात चुका होत्या आणि हूं हूं चाललं होतं. बाई थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान म्हणता हो. ती साबणाची जाहिरात ना?"

मी मान हलवून नाही म्हणालो.

"अहो, तीच. टीव्हीवर सारखी लागते. फेस फेस फेस..." आणि त्यांनी म्हणून दाखवली.

तीच होती. एक सूर इकडेतिकडे नाही.

मी तोंडातल्या चुका हातावर काढल्या आणि खाली बसलो. बाई गेल्यावर बायकोचं गाणं आठवून बघितलं. सुरुवात केली की साबण. वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात केली तरी फिरून साबणच. तिची चाल कधीतरी माझ्या तोंडातून निघून गेली होती आणि तिच्या जागी ही जाहिरात येऊन बसली होती, आणि मला पत्ता नाही.

मला भीती वाटली. फोटो आहेत, कपडे आहेत, चष्मा आहे. फोनमध्येही ती आहे, लेकीने काढलेल्या एका व्हिडिओत, पण तिथे ती फक्त म्हणते, "ए, बंद कर ते आधी." गाताना ती कुठेच नाही. लोकांसमोर ती गायचीच नाही. ती गात असलेली फक्त माझ्या डोक्यात होती आणि डोक्यात आता साबण होता.

मी लेकीला फोन लावला. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते.

"तुझ्या आईचं ते गाणं आठवतं का गं तुला?"

"कुठलं, बाबा?"

"दार लाव."

लेक म्हणाली, "ते गाणं होतं?"

"मग काय होतं?"

"मला वाटायचं, आई दार लावायला सांगतेय. जरा चालीवर. ती तशी भाजीलाही म्हणायची ना, शीज गं बाई शीज."

"गाणं होतं. झालरवालीचं. कसं होतं ते म्हणून दाखव."

तिने म्हणून दाखवलं. साबण नव्हता, पण मी कधी ऐकलेलंही ते नव्हतं. सगळं वरवर चढत जाणारं. मी म्हणालो, "हे नाही."

"बाबा, मी लहानपणी रोज तिच्या पायाशी बसून ऐकलंय. हेच."

"हे नाही गं."

"मग मावशीला विचारा," लेक जरा घुश्शात म्हणाली. "झालरवालीचं खातं तिच्याकडे आहे."

मावशी म्हणजे माझी मेहुणी. आमच्याकडे सगळे तिला धाकटी म्हणतात. तिचं बायकांचं केस कापायचं पार्लर आहे. मी तिथे कधी आत गेलो नव्हतो. दाराशीच घुटमळलो तर आतून आवाज आला, "भाऊजी, या, या! केस कापायला आलात की असलेले मोजून घ्यायला?"

आत एक बाई डोक्याला रंग फासून, खांद्यावर टॉवेल घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी टॉवेल वर ओढला. मी भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. साबणाचंही सांगितलं. तेवढ्यापुरती धाकटी हसायची थांबली.

मग म्हणाली, "पण भाऊजी, झालरवालीचं असं गाणंच नाही. दार लाव कसं असेल? ती इंग्रजीत गाते."

"मला काय माहीत? तुझी ताई म्हणायची झालरवालीचं."

"मी तिचं एकूण एक गाणं ऐकलंय. नाही म्हणजे नाही."

"मग मला सगळी ऐकव. मी ओळखतो."

"सगळी? अहो, तुम्ही जन्मभर सोफे केलेत, तशी तिने जन्मभर गाणी केलीत. आणि तुम्हाला आज आठवण झाली होय? इतकी वर्षं आम्ही दोघी कानीकपाळी ओरडत होतो. गाढवाला गुळाची चव काय!"

"आता चाखतो म्हणतोय ना गाढव."

तिने कात्री खाली ठेवली. मग मला खुर्चीत बसवून, समोरच्या आरशातून माझ्याकडे बघत तिने झालरवाली समजावून सांगितली. झालरवाल्या तीन आहेत, ती म्हणाली. पहिली तरुण. एक गिटार, एक व्हायोलिन, आणि आवाज असा की कुणी अंगणातून हाक मारतंय. दुसरी मधली. पैसा आला, नाव झालं, मग मागे ढोल, चाळीसपन्नास व्हायोलिनं, केस फुगवलेले, सगळं चकचकीत. तिसरी म्हातारी. आवाज खरखरीत झालेला, पुन्हा एकच गिटार. "पहिलीपासून सुरू करा, मग थेट तिसरीकडे जा. मधलीकडे फिरकू नका. मी आणि ताई तिला झगमगाट म्हणायचो. लग्नाच्या बँडसारखं वाजतं नुसतं."

"मला मधलीच आवडते," रंगवाल्या बाई म्हणाल्या.

"तुमचा रंग अजून चढायचाय. डोळे मिटा."

लेकीने लांबूनच माझ्या फोनवर काय काय करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम काढताना मी पहिली झालरवाली लावली.

पहिल्याच गाण्यात मी धाकटीला फोन केला. "फोन बिघडलाय. एक आवाज मध्येच घसरतो. टेप सैल झाल्यासारखा."

"ती गिटारच तशी असते, भाऊजी. तारांवरून लोखंड सरकवतात. तिला रडकी गिटार म्हणा आणि ऐका."

मग ऐकत राहिलो. शब्द एक कळत नव्हता. पण दिवसभर एखादा माणूस शेजारी बसून बोलत असला की भाषा येत नसली तरी त्याचा स्वभाव कळायला लागतो, तसं झालं. ही बाई रागावली तरी फार वेळ रागावत नाही, हे मला कळलं. शेवटची ओळ ती जरा हळू म्हणते, जाता जाता आपण दाराशी रेंगाळतो तशी, हेही कळलं. काही गाणी मी मनाने जुळवली. एक फारच करुण होतं. मी लेकीला सांगितलं, "हिचा कुत्रा मेला असणार."

तिने ऐकून सांगितलं, "बाबा, हे तिच्या लग्नाचं आहे. ती खूश आहे."

"मग एवढी रडते कशाला?"

"ती रडत नाहीये. ती गिटार आहे."

काही गाणी कामाला बरी पडतात, काही नाही, असंही लक्षात आलं. टाका घालायचा असेल, दाभण ओढायचं असेल, तर संथ गाणं हवं. चुका ठोकायला ठेक्याचं. स्प्रिंगा बांधायला गाणंच नको, तिथे चित्त लागतं.

मग एक दिवस लेकीचा फोन आला, मोठ्याने. "बाबा, सापडलं! हिच्या एका गाण्याच्या नावातच दार आहे! दार लावण्यावरच आहे सगळं!"

मी हातातलं टाकलं. फोन टेबलावर उभा केला, समोर खुर्ची घेतली, हात धुतले. का धुतले माहीत नाही. गाणं लागलं. झालरवाली नवऱ्याला घराबाहेर काढते आणि दार लावून घेते, असं लेकीने सांगितलं. तिने दार लावलं ते अगदी ऐकूही आलं, धाडकन. गाणं झकास होतं. पण ते नव्हतं. त्यात दार होतं, माझी बायको नव्हती.

पहिली झालरवाली संपली. तिसरीही संपली. तिसरी मला फार आवडली, तरी ते तिच्यातही नव्हतं. धाकटी संध्याकाळी डबा घेऊन आली होती. तिने जरा चाचरत सांगितलं, "भाऊजी, मला वाटतं ताईने ते स्वतःच रचलं असेल. तुम्हाला दार लावायला लावायचं म्हणून. आणि ढकललं झालरवालीवर."

"मग ते गेलंच म्हणायचं."

"ताई थोडीच गेली त्याच्याबरोबर?"

"मला तेच कळत नाहीये," मी म्हणालो. धाकटीने डबा उघडला आणि मग आम्ही जेवलो. जेवताना कुठेतरी शेजारच्या टीव्हीवर साबण लागला. तिने उठून खिडकी बंद केली.

डॉक्टरीणबाईंचा बाक तसाच पडला होता. त्यांचा निरोप आला की पेशंट उभे राहून कंटाळलेत आणि दातांपेक्षा पाय जास्त दुखतात म्हणतात. म्हणून सकाळी उठून मी बाकच घेतला. फोनवर तिसरीची शेवटची गाणी पुन्हा लावली होती. रेक्झिन ताणलं, तोंडात चुका भरल्या, एका हाताने कापड धरलं, दुसऱ्या हाताने ठोकायला लागलो. मध्येच ती गाणी संपली आणि फोन आपल्या मनाने पुढे गेला. ढोल वाजले. मग व्हायोलिनांचा एक कळपच आला. मी ओळखलं, ही मधली. हिच्याकडे फिरकायचं नाही. पण दोन्ही हात अडकलेले, रेक्झिन सोडलं तर सगळा ताण जाणार. वाजू दे म्हटलं आणि ठोकत राहिलो. धाकटी म्हणाली होती ते खरं होतं. लग्नाचा बँड. एक गाणं गेलं, दुसरं लागलं. माझं लक्षही नव्हतं. कोपऱ्याची घडी बसत नव्हती, तिच्याशी मी झटत होतो.

आणि मग मी उभा होतो.

मधल्या दारापाशी होतो, हात कडीवर होता. हातोडी बाकावर राहिली होती, रेक्झिन सुटून लोंबत होतं. मी कधी उठलो, कसा आलो, मला सांगता येणार नाही. मला काहीच आठवलं नव्हतं, ओळखू आलं नव्हतं. पायांना ऐकू आलं होतं.

मागे झालरवाली म्हणत होती, दार लाव, दार लाव.

मी दार लावलं नाही. तसाच ऐकत उभा राहिलो. आता पुढे काय आहे हे मला माहीतच नव्हतं. दरवेळी मी इथे दार लावायचो आणि गाणं पलीकडे राहायचं. तर पुढे ते चढत गेलं. एक पायरी, दुसरी पायरी, मागून पुरुषांचे आवाज, आणि झालरवाली त्यांच्या वरून. आणि ते चढणं मी ओळखलं. लेकीने फोनवर म्हणून दाखवलं होतं ते हेच होतं. ती लहानपणी दाराच्या आत, आईच्या पायाशी बसलेली असायची. मी बाहेर. पहिलं अर्धं मला येत होतं, राहिलेलं अर्धं तिला. आणि मी तिला म्हणालो होतो, हे नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी धाकटीला फोन लावला.

"हं! हं हं, हं!"

"भाऊजी? काय झालं? चूळ भरताय का?"

मी चुका थुंकल्या. "सापडलं!"

ती अंगावरच्या एप्रनसकट आली, केसांत कंगवा खोचलेला. येताना धावली असावी, धाप लागली होती. मी गाणं लावलं. ढोल सुरू होताच तिने कपाळावर हात मारला.

"हे? झगमगाटातलं?"

"ऐक तर."

तिने ऐकलं. कमरेवर हात ठेवून, भुवया वर करून. मग म्हणाली, "ताई हे गायची? माझी ताई? अहो, माझ्यासमोर नाक मुरडायची हिच्यावर! आम्ही दोघींनी मिळून नावं ठेवलीत या गाण्याला! आणि घरी येऊन चोरून हेच? आतल्या गाठीची बाई! जिवंत असती ना, तर आज मी तिला..." मग म्हणाली, "पण यात दार लाव कुठे आहे?"

"हे काय, आत्ता आलं की."

"परत लावा."

मी परत लावलं. दार लाव आलं, मी बोट दाखवलं. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं रडते.

"भाऊजी," ती म्हणाली, "ती डार्लिन म्हणतेय. डार्लिन, लव्ह."

"म्हणजे?"

"डार्लिंग हो, डार्लिंग! शेंबड्या पोरालाही कळतं ते!"

मी पुन्हा ऐकलं. एकदा कळल्यावर मग दार राहिलंच नाही. डार्लिन, लव्ह. ती बाई ते लांबवून, घोळवून म्हणते, पण तेच म्हणते.

"तुझ्या ताईला माहीत होतं हे?" मी विचारलं.

"ताईला? दार लाव म्हणून गाण्याइतकी बावळट होती का ती?"

नव्हती. मला माझी बायको माहीत आहे. चाळीस माणसांत मिठाची बरणी कुणी हलवली हे तिला कळायचं. मी अरे-तुरेची तक्रार केली, तेव्हाही ती क्षणभर भाजी ढवळायची थांबली होती आणि मग म्हणाली होती, गाणं म्हणतंय. नंतर ते तिला आवडलं असणार. मला सांगितलं असतं तर मी लाजलो असतो आणि तीही. त्यापेक्षा हे बरं.

"म्हणजे ती मला रोज डार्लिंग म्हणत होती," मी म्हणालो, "आणि मी रोज उठून दार लावत होतो."

धाकटीने हसायला सुरुवात केली. हसता हसता ती मागे बाकावर बसली, नेमकी जिथे मी रेक्झिन सोडलं होतं तिथे, आणि स्प्रिंग टोचून ओरडत उठली, आणि पुन्हा हसायला लागली. मीही हसलो. पोट दुखेपर्यंत. मग डोळ्यांना पाणी आलं, ते पुसायला मी हाताला लागलेला तुकडा घेतला. रेक्झिनचा होता. रेक्झिन पाणी शोषत नाही, उलट सगळीकडे पसरवतं. धाकटीने तिचा एप्रन पुढे केला. त्याला केसांच्या रंगाचा वास येत होता.

जरा शांत झाल्यावर तिने गाणं पुन्हा लावलं आणि बरोबर म्हणायला लागली. तिला गाता येतं, ताईपेक्षा बरं. पहिलं हूं हूं झालं, दार लाव आलं, आणि ती वर गेली.

"असं नाही," मी म्हणालो.

"असंच आहे. ऐका ना, ती वरच जातेय."

"झालरवाली वर जाते. तुझी ताई इथे वर जायची नाही. खाली यायची. शेवटच्या 'लाव'ला. तिथे तिचा दम संपायचा आणि ती श्वास घेऊन मग पुढे जायची."

"म्हणून दाखवा."

मी कुणासमोर कधी गायलेलो नाही. शाळेतही तोंड हलवून भागवलं. पण बंद केलेल्या फोनसमोर उभं राहून मी म्हटलं. हूं हूं म्हटलं. दार लाव म्हटलं. आणि तिथे ती खाली आली. माझ्या आवाजात, पण तीच. तीच दमाची, जरा घाईची, हातात काहीतरी असलेली. मग श्वास आणि मग लेकीचं अर्धं. ते मला नीट येत नव्हतं, तिथे मी घसरलो.

धाकटीने डोळे मिटले होते. म्हणाली, "हो. कुठलंही गाणं असो, अशीच खाली यायची. लहानपणी मी तिला यावरून चिडवायचे." मग डोळे न उघडताच म्हणाली, "परत म्हणा."

मी परत म्हटलं. मग मुद्दाम साबण आठवून बघितला. तोही आला. पण आपल्या जागी आला, बाजूला उभा राहिला. आता दोघांची सरमिसळ होत नव्हती. मी साबण म्हणून दाखवला, मग बायकोचं म्हणून दाखवलं, मग साबण, मग बायकोचं. धाकटी म्हणाली, "पुरे आता भाऊजी, कुणी ऐकलं तर मला पार्लर सोडून इकडे तुम्हाला सांभाळायला कायमचं यावं लागेल."

लेकीला फोन केला. तिला तिचं अर्धं म्हणायला लावलं, माझं अर्धं मी त्याच्या आधी जोडलं. तिचं झाल्यावर मी म्हणालो, "हेच. बरोबर होतं तुझं."

"मी सांगत होते की तुम्हाला," ती म्हणाली. मग मावशीने तिला डार्लिंगचं सांगितलं. पलीकडून हसणं ऐकू आलं. तिच्या आईसारखं ती हसत नाही. माझ्यासारखी हसते, घोड्यासारखी.

धाकटी गेली. तिचं एक गिऱ्हाईक अर्धे केस कापून खुर्चीत बसलं होतं म्हणे. मी सुटलेलं रेक्झिन पुन्हा ताणलं, चुका जमिनीवरून वेचून पुसून तोंडात घेतल्या आणि फोन चालू केला. मधलीच लावली. दार लाव झालं. त्याच्या पुढे एक गाणं लागलं, ते बायकोने कधी म्हटलेलं मला आठवत नाही. व्हायोलिनं भरपूर, ढोलही आहेत, मध्येच रडकी गिटार येते आणि ढोलांत हरवते. कशाबद्दल आहे मला माहीत नाही. कोपऱ्याची घडी त्या गाण्यात नीट बसली. मी ते पुन्हा लावलं आणि बाकाची पूर्ण एक बाजू त्यावर ठोकून काढली.

दुसऱ्या दिवशी मी धाकटीला फोन करून ते वाजवून दाखवलं.

"हे कसं वाटतं?"

"ताईला अजिबात आवडायचं नाही हे," ती म्हणाली. "हे मात्र खरंच. यावर आमचं एकमत होतं."

"मला आवडलं."

"बिघडलात, भाऊजी."

"असं अजून कुठलं आहे हिचं?"

"रंगवाल्या बाई आज यायच्या आहेत," ती म्हणाली. "त्यांना विचारून सांगते."